तालमीत जिंकणारी मुलगी स्पर्धेच्या मॅटवर का गोठते?

प्रश्न : करवीरचा प्रशिक्षक

नमस्कार. कोल्हापूर शहराजवळच्या एका गावात मी मुलामुलींना मॅटवरील कुस्ती शिकवतो. सतरा वर्षांखालील गटातील, ४९ किलो वजनगटात खेळणारी एक मुलगी माझ्याकडे गेली चार वर्षे सराव करते. पहाटेच्या मेहनतीत तिने कधी खाडा केलेला नाही. तिचा एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याची झेप, इतका वेगवान आहे की तिच्यापेक्षा वजनदार मुलांनाही तो सहसा अडवता येत नाही, आणि तालमीत जोड लागली की ती शेवटपर्यंत दमत नाही. हीच मुलगी निवड चाचणीत मॅटवर उतरली की पहिल्या मिनिटात कोणी वेगळीच वाटते. पाय जड होतात, पट मारायचा सोडून ती मागे सरकत राहते, आणि चार-सहा गुण गेल्यावर भानावर येते, तेव्हा वेळ संपत आलेली असते. मागच्या तिन्ही स्पर्धांत हेच घडले.

मी खुराक बदलला, मेहनत वाढवली, लढतींचे व्हिडिओ दाखवून चुका समजावल्या. लढत चालू असताना मी कडेला बसून सतत मोठ्याने सांगत असतो, की घाबरू नकोस, मागे सरू नकोस, आज हरायचे नाही. मागच्या स्पर्धेनंतर ती मला म्हणाली, ‘सर, तुमचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते.’ तिचे हे बोलणे अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

क्रीडा मानसशास्त्राविषयी अलीकडे पुष्कळ कानावर येते. खेळाडूंची मानसिक तयारी करून घेणारे प्रशिक्षक पॅडी अप्टन २०११ च्या विश्वचषकाच्या वेळी भारतीय क्रिकेट संघाबरोबर होते आणि २०२४ मध्ये बुद्धिबळाचा विश्वविजेता झालेल्या गुकेशनेही त्यांची मदत घेतली होती, एवढे मला ठाऊक आहे. परंतु जिथे मॅटसुद्धा गावाने वर्गणी काढून आणली, अशा तालमीत या शास्त्राचा उपयोग कसा करावा? उद्या पहाटे तालमीत गेल्यावर मी काय वेगळे करू, हे कोणी सांगेल का?

उत्तर : क्रीडा मानसशास्त्राची अभ्यासक

सर, तिने तुम्हाला जे सांगितले तेथूनच सुरुवात करते. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की माणसाच्या लक्षाचा आवाका आकसतो. श्वास उथळ होतो, खांदे आणि मांड्या आवळल्या जातात, कानावर पडणारा आवाज पोहोचतो पण त्याचा अर्थ लावायला मन मोकळे नसते. त्यामुळे तुमचे ओरडणे तिला सूचना म्हणून कळत नाही, आजूबाजूच्या गोंगाटात त्याची भर पडते. हा तुमचा दोष आहे असे मी म्हणत नाही, बहुतेक प्रशिक्षक तळमळीपोटी हेच करतात.

स्पर्धेचा परिणाम प्रत्येकावर वेगळा होतो, ही गोष्ट या शास्त्राच्या अगदी आरंभापासून दिसत आली आहे. नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकी संशोधकाने १८९८ मध्ये लहान मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ फिरवायला देऊन, एकट्याने आणि दुसऱ्याच्या बरोबरीने, असा वेग मोजला. काही मुले सोबतीमुळे जलद झाली, काहींवर विशेष परिणाम झाला नाही, आणि काही मुले चुरशीमुळेच गडबडून मंदावली. पुढे १९०८ मध्ये यर्कीस आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून, उत्तेजना फार कमी असली तरी आणि फार वाढली तरी शिकणे बिघडते, विशेषतः काम अवघड असेल तेव्हा, असे दिसले. उंदरांवरचा निष्कर्ष खेळाडूंना जसाच्या तसा लावू नये, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. युरी हनिन यांनी खेळाडूंचाच अभ्यास करून अधिक उपयोगी विचार मांडला, तो असा की प्रत्येक खेळाडूची उत्तम कामगिरीची स्वतःची एक पट्टी, म्हणजे मन आणि शरीर किती उसळलेले असावे याची मर्यादा, असते. एकाला लढतीआधी रक्त उसळावे लागते, तर दुसऱ्याचा खेळ शांत असतानाच खुलतो.

म्हणून पहिले काम म्हणजे एक साधी वही. तालमीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या जोडीआधी आणि प्रत्येक स्पर्धेआधी तिने एक ते दहा यांपैकी एक आकडा लिहावा, की या क्षणी शरीर आणि मन किती उसळलेले आहे. लढत झाल्यावर ती कशी झाली हे दोन ओळींत लिहावे. पंधरा-वीस नोंदी झाल्या की तिची पट्टी तुम्हाला दिसू लागेल. मग स्पर्धेच्या दिवशी आकडा वर गेला असेल तर श्वास सावकाश सोडून, म्हणजे घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ देऊन, तो खाली आणता येतो, आणि आकडा खाली असेल तर दोन-तीन जोरकस धावा आणि खांद्याला खांदा लावून झटापट केल्याने तो वर नेता येतो.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तेव्हा तेच अस्वल पुन्हापुन्हा त्यांच्या मनात येत राहिले. ‘मागे सरू नकोस’ असे म्हटले की मनाला आधी मागे सरण्याचेच चित्र उभे करावे लागते. शिवाय चार वर्षांत जो पट तिच्या अंगवळणी पडला आहे, त्याच्या प्रत्येक टप्प्याकडे ती भीतीपोटी मुद्दाम लक्ष देऊ लागली, तर आपोआप होणारी हालचाल अडखळते. यासाठी काय करायचे नाही हे सांगणे बंद करून, काय करायचे याचे दोनच छोटे शब्द ठरवा. ते तिने निवडावेत, तुम्ही नव्हे.

आणखी एक विचारते. वजन उतरवण्यासाठी ती स्पर्धेआधी जेवण आणि पाणी तोडते का? झोप लागते का? उपाशी आणि तहानलेल्या शरीराचे पाय जड होणारच, त्याला मनाची कमजोरी म्हणणे अन्यायाचे होईल. झोप, भूक किंवा शाळेतला रस अनेक आठवडे बिघडलेला असेल, तर तो प्रश्न प्रशिक्षकाने हाताळण्याचा नाही. आधी डॉक्टर आणि मग पात्रताधारक मानसतज्ज्ञ यांच्याकडेच जावे. १४४१६ या टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मोफत बोलता येते.

उत्तर : पंचगंगाकाठचा वस्ताद

मी लाल मातीत वाढलेला माणूस आहे. ताईंनी लिहिलेले लक्षपूर्वक वाचले. वहीत आकडे लिहून कुस्ती सुधारेल, हे मला अजून पटलेले नाही, पण त्यावर वाद घालण्याआधी मला प्रशिक्षक सरांना एक विचारायचे आहे. ही मुलगी तुमच्या तालमीबाहेरच्या किती मुलींशी लढली आहे? चार वर्षे त्याच त्या जोडीदारांशी खेळल्यावर कोण कुठल्या पायावर जोर देतो, कोण केव्हा दमतो, हे सारे अंगाला माहीत होते. तिथला पट वेगवान वाटतो, कारण समोरचा ओळखीचा असतो. परका हात मानेवर पडला की पहिले मिनिट त्याला ओळखण्यातच जाते. आमच्या काळी वस्ताद आम्हाला गावोगावच्या जत्रांच्या मैदानांत घेऊन जात, ते बक्षिसाच्या चार पैशांसाठी नव्हे. दर आठवड्याला नवा गडी, नवी माती आणि नवी माणसे अंगावर घेण्याची सवय लागावी, हा त्यामागचा हेतू होता.

शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात ज्याने कुस्ती केली आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. खोलगट मैदानाच्या मधोमध आपण, चारी बाजूंनी चढत गेलेली माणसे, आणि हलगीचा कडकडाट असा की स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. माझ्या पहिल्या कुस्तीत माझेही पाय लटपटले होते. पण आम्हाला एक आधार होता. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायची, वस्तादांच्या पाया पडायचे, मैदानाला फेरी घालून सलामी द्यायची, मूठभर माती गड्याच्या अंगावर टाकायची आणि त्याची आपल्या अंगावर घ्यायची. इतके होईपर्यंत हृदयाची धडधड आपल्या ताब्यात आलेली असे. मॅटच्या स्पर्धेत नाव पुकारले की मुलगी धावत जाते, हस्तांदोलन होते आणि शिट्टी वाजते. त्या पोरीला मन स्थिर करायला काही मिळतच नाही. तिला तिची सलामी द्या. बाकीचे तज्ज्ञांनी पाहावे.

उत्तर : दुधाळीची नेमबाज

वस्तादांनी ज्याला सलामी म्हटले, त्यालाच आम्ही नेमबाज शॉट रूटीन म्हणतो, आणि माझ्या मते तुमच्या मुलीच्या अडचणीवरचा सर्वांत जवळचा उपाय तोच आहे. मी काही वर्षे २५ मीटर पिस्तूल प्रकारात राज्य पातळीपर्यंत खेळले. या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसते, नंतर सात सेकंद हात खाली ठेवून थांबावे लागते, आणि पुन्हा तीन सेकंद मिळतात. मागची गोळी वाईट गेली असेल तर ती सात सेकंद तुम्हाला खाऊन टाकतात. माझ्या प्रशिक्षकांनी मला त्या सात सेकंदांची घडी बसवून दिली. एक श्वास सोडायचा, नजर पिस्तुलाच्या पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या खुणेवर, आणायची, मनात एकच शब्द म्हणायचा. विचार करायला जागाच उरत नसे. हे शांत खोलीत शिकायचे आणि मग जिने चढून-उतरून, धाप लागलेली असताना, मैत्रिणी मुद्दाम गलका करत असताना पक्के करायचे.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा अंतिम फेरी बरोबरीत सुटली, बरोबरी फोडण्यासाठीचा जादा फेरा, म्हणजे पहिला शूट-ऑफही, बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या शूट-ऑफमध्ये निकाल लागला. सुवर्ण हातात आले असे वाटून पुन्हा शून्यापासून उभे राहायचे, आणि तेही दोनदा, ही गोष्ट लिहायला सोपी आहे. ज्याने हातात पिस्तूल धरले आहे त्यालाच तिची किंमत कळेल.

सर, तुमच्या गटात दोन-दोन मिनिटांचे दोन डाव असतात आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते, असे माझ्या भावाने सांगितले. त्या तीस सेकंदांत तुम्ही तिला किती गोष्टी सांगता? माझा अंदाज, सहा-सात तरी असाव्यात. पहिले दहा सेकंद काहीच बोलू नका, तिला पाणी आणि श्वास घेऊ द्या. मग एकच सूचना द्या आणि ती तिच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

उत्तर : क्रीडा मानसशास्त्राची अभ्यासक

वस्ताद, परक्या जोडीचा तुमचा मुद्दा माझ्या उत्तरात यायला हवा होता, तो राहिला हे मी मान्य करते. ज्या परिस्थितीत लढायचे आहे तशीच परिस्थिती सरावात निर्माण करणे, हे या शास्त्रातही सर्वांत भरवशाचे साधन मानले जाते. आठवड्यातून एकदा दुसऱ्या तालमीच्या मुली बोलवा, कॉस्च्युम घालून, शिट्टी आणि गुणफलकासह, आई-वडिलांना समोर बसवून लढत घ्या, आणि नाव पुकारण्याआधी तिला अर्धा तास नुसते थांबवा. स्पर्धेतला थकवा पुष्कळदा त्या थांबण्यातच येतो.

प्रशिक्षकांसाठीही एक गोष्ट सांगते. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना कडेला बसून कसे बोलावे याचे शिक्षण दिले. चांगल्या प्रयत्नाची लगेच दखल घेणे, चूक झाल्यावर आधी धीर देणे आणि मग ती कशी सुधारायची ते सांगणे, शिक्षेची भाषा टाळणे, एवढाच त्याचा गाभा होता. त्या संघांनी इतरांपेक्षा जास्त सामने जिंकले असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु मुलांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि पुढच्या हंगामात खेळ सोडणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले. सतरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत मला तेच अधिक मोलाचे वाटते, कारण ती मॅटवर टिकली तरच पुढे जिंकेल.

करवीरचा प्रशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते.

वजनाविषयी विचारले तेव्हा कळले, की आदल्या दिवशी दुपारनंतर ती पाणीच पीत नसे आणि हे तिने घरीही सांगितले नव्हते. डॉक्टरांशी बोलून आम्ही तिला ५३ किलोच्या गटात खेळवायचे ठरवले आहे. वहीत सतरा नोंदी झाल्या. तिच्या चांगल्या लढतींआधीचा आकडा पाच किंवा सहा आहे, आणि मी तिला प्रत्येक वेळी नऊ-दहाकडे ढकलत होतो. ते पाहून मला फार वाईट वाटले. तिने ‘हात’ आणि ‘पाय’ हे दोन शब्द निवडले, आधी हात पकडायचा आणि मग पायात शिरायचे. सलामी म्हणून ती मॅटच्या कडेला बसून दोन्ही तळवे मॅटवर टेकवते, तीन श्वास सावकाश सोडते आणि मगच उठते.

मागच्या रविवारी दुसऱ्या गावच्या तालमीत मैत्रीपूर्ण लढत झाली. ती आठ विरुद्ध सहा अशी हरली, परंतु पहिला पट तिने वीस सेकंदांच्या आत मारला. मी लढत चालू असताना एकदाच बोललो. परत येताना गाडीत ती आपणहून कुस्तीविषयी बोलत होती, हे मी बऱ्याच महिन्यांनी ऐकले.

आता एकच शंका आहे. वही ती स्वतः लिहिते, पण मी ती दर शनिवारी वाचतो. गेल्या आठवड्यापासून तिच्या दोन ओळींच्या जागी एकच ओळ येऊ लागली आहे. मी वाचणे चालू ठेवावे का?

क्रीडा मानसशास्त्राची अभ्यासक

सर, वही तिच्याकडेच राहू द्या. तिने स्वतः दाखवली तर पाहा, एरवी फक्त आकडा विचारा.