अनुभव धागा: हिवाळ्यातला भूमध्य समुद्रकिनारा

सागरवेडी: गेल्या ऑगस्टमध्ये हर्णैच्या बाजूला जाणे झाले. बऱ्याच खानावळी बंद होत्या, किनारा रिकामा होता, आणि मला एकाएकी जानेवारीतले नीस आठवले, म्हणून हा धागा. दक्षिण फ्रान्समधल्या या शहरात उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात मात्र समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या त्या प्रसिद्ध निळ्या खुर्च्यांपैकी हवी ती मिळते. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत, आणि लाट मागे सरताना ते एकमेकांवर घासून जो खळखळाट होतो तो ऐकत मी तासन् तास बसले होते. गंमत अशी की, आज ज्याला आपण बिगरहंगाम म्हणतो तोच तिथला मूळ हंगाम! अठराव्या शतकापासून सुखवस्तू इंग्रज मायदेशीची थंडी चुकवायला तिथे येत आणि उन्हाळा लागला की परतत; उन्हात अंग भाजून घेण्याची हौस १९२० च्या दशकापासूनची. युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारसा यादीत घेतले, तेही हिवाळी विश्रामनगर म्हणूनच. आता तुम्ही लिहा.

उंटावरचा शहाणा: व्हिक्टोरिया राणी राहिल्या नाहीत का? १८९७ ते १८९९ अशी सलग तीन वर्षे हिवाळा सरता सरता त्या सिमिए टेकडीवरच्या भव्य हॉटेलात मुक्कामाला असत, आणि सोबत त्यांचा हिंदुस्थानी मुनशी अब्दुल करीम असे. त्या इमारतीत आता सदनिका आहेत. मी बाहेरूनच पाहून आलो, कारण आत जाण्याइतकी ओळख राणीशी नव्हती.

पोफळी: कौतुक पुरे, थंडीबद्दलही कोणीतरी लिहायला हवे. आम्ही डिसेंबरात भाड्याने घेतलेले घर उन्हाळ्यासाठीच बांधलेले होते. सगळीकडे गार फरशी, एकच हीटर, आणि तोही सासूबाईंच्या खोलीत. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे फिरायचे ते सकाळीच उरकावे लागते.

लिंबूटिंबू: फेब्रुवारीत गेलात तर नीसहून रेल्वेने मांतोंला जाऊन या. इटलीच्या सीमेलगतच्या या गावात लिंबांचा उत्सव असतो; १९३४ पासूनची परंपरा आहे आणि लिंबे-संत्री रचून प्रचंड शिल्पे उभारतात. माझ्या नावामुळे घरच्यांनी मला तिथे मुद्दाम नेले होते. मात्र उत्सवाच्या दिवसांत खोल्या स्वस्त मिळतील या भ्रमात राहू नका. आणि नीसमध्ये सोक्का खाल्ल्याशिवाय परतू नका.

सागरवेडी: सोक्का म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे, ऑलिव्हच्या तेलातले, भट्टीत भाजलेले धिरडेच की! वरून मिरपूड घालतात. पोफळीताई, सासूबाईंना चालेल.

पोफळी: चालले नाही. त्यांनी विचारले, यात ओवा का नाही?

किनारेकर: मी स्पेनमधल्या बेनिडॉर्मविषयी लिहितो, कारण तिथला हिवाळा ओस नसतो. सरकारच्या अनुदानित सहलींमधून ज्येष्ठ नागरिक हंगाम नसतानाच किनाऱ्यावर येतात. १९८५ साली सुरू झालेल्या या योजनेमुळे तिथली हॉटेले थंडीतही चालू राहतात. उंच इमारतींच्या सावलीत आजी-आजोबा सकाळी भरभर चालतात, आणि मला मागे टाकून पुढे जाणाऱ्यांत काठीवाले आजोबाही होते. ग्रीसच्या सॅन्टोरिनी बेटावर मात्र मी पुरता फसलो. तिथे हिवाळ्यात बहुतेक हॉटेले बंद, बोटी मोजक्या, आणि उघड्या दारातून दिसतात ते रंगकाम करणारे कामगार. शिवाय आपल्या कोकणात पावसाळा उन्हाळ्यानंतर येतो, तर भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यातच पडतो, हे स्वेटर भरताना कोणी सांगत नाही. छत्रीही घ्या.

लिंबूटिंबू: आणि जेवणाच्या वेळा पाळा. फ्रान्समध्ये दुपारी दोननंतर बहुतेक ठिकाणी चूल विझते ती संध्याकाळी सातलाच पेटते, आणि थंडीत वार्षिक सुट्टीची पाटी तर दर चार दारांआड लटकलेली असते. पोफळीताई, पुढच्या वेळी डबा भरून न्या.

पोफळी: नेला होता. ओवा घालून.