सर्ज लाइनचा फटीग: एफ-ईएन (पाण्यामुळे फटीग किती पट वाढतो तो गुणक) सरसकट १४ धरायचा का?

नळीताण:
पीडब्ल्यूआरची (दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्टीची) सर्ज लाइन, म्हणजे प्रेशरायझर आणि हॉट लेग (अणुभट्टीतून गरम पाणी नेणारी मुख्य नळी) जोडणारी नळी; ३१६ स्टेनलेस, हॉट लेग नोझलचा वेल्ड. हवेतला सीयूएफ (सगळ्या चक्रांचा मिळून फटीगचा साठलेला वापर) ०.१२. न्युरेग/सीआर-६९०९ (अमेरिकी अणुनियामकाचा याच विषयावरचा अहवाल) ची २०१८ ची आवृत्ती घेऊन ३२५ अंश से. आणि सर्वांत मंद स्ट्रेन रेट (धातू ताणला जाण्याचा वेग) धरला की एफ-ईएन १४ येतो. गुणाकार १.७ च्या आसपास, मर्यादा १. पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच, त्याची सवलत कुठे मिळते?

वेल्डरेषा:
मिळत नाही, उलट तोच तोटा आहे. जास्त ऑक्सिजन बाधतो तो कार्बन स्टीलला. ऑस्टेनिटिक स्टेनलेसला ०.१ पीपीएमखाली ऑक्सिजनचा गुणक ०.२९ लागतो, त्यावर गेलात आणि धातू सेन्सिटाइज (उष्णतेने कणांच्या सीमांवर क्रोमियम कमी) झालेला नसेल तर ०.१४. त्यामुळे ती वाट सोडा आणि स्ट्रेन रेट बघा. ३०० अंशांना सेकंदाला ०.१ टक्का असेल तर एफ-ईएन २.९, ०.०१ ला ५, ०.००१ ला ८.५. प्रत्येक ट्रान्झिएंट जोडीचा (तापमान-दाबाच्या ज्या दोन बदलांतून एक ताणचक्र बनतं त्यांचा) गुणक वेगळा काढा. सीयूएफचा मोठा वाटा ०.०१ च्या जोड्यांचा असेल तर एकूण ०.६ वर येईल.

तापस्तर:
त्याआधी ते ०.१२ कोणत्या फटीग वक्रावरून (किती ताणाला किती चक्रं चालतात तो आलेख) काढलंय? एएसएमई या अमेरिकी डिझाइन संहितेचा स्टेनलेसचा जुना वक्र हवेतसुद्धा पुरेसा सुरक्षित नव्हता, म्हणून तो २००९ मध्ये बदलला. जुन्यावरचा सीयूएफ एफ-ईएनने गुणणं चूकच.

दुसरं, गुणक फक्त वाढत्या स्ट्रेनच्या भागाला लावायचा. कोल्ड शॉकमध्ये आतला पृष्ठभाग ताणात जातो तेव्हा तापमान उतरत असतं, तरी बरेच जण आख्ख्या चक्राला कमाल तापमान लावतात. स्ट्रेनचे छोटे तुकडे करा, प्रत्येकाचा एफ-ईएन काढा आणि स्ट्रेनच्या वजनाने सरासरी घ्या. स्ट्रेन अॅम्प्लिट्यूड ०.१० टक्का किंवा कमी असलेल्या जोडीला गुणक १.

नळीताण:
वक्र नवाच आहे. पण स्तरीकरणाच्या (नळीत वर गरम, खाली थंड पाणी) जोड्या मंद आहेत, तिथे ८ च्या खाली उतरत नाही.

वेल्डरेषा:
मग केई (प्लास्टिक स्ट्रेनसाठी लावायचा वाढीव गुणक) तपासा. सोप्या इलास्टिक-प्लास्टिक पद्धतीत तो स्ट्रेन फार फुगवतो. त्या जोड्यांना पूर्ण प्लास्टिक विश्लेषण करा. नळीच्या वर-खाली थर्मोकपल लावून खरा तापमानफरक मोजा, डिझाइनमधला बहुधा जास्त धरलेला असतो. हीटअपमध्ये प्रेशरायझरमधून सतत थोडा बहिर्प्रवाह ठेवला तर थंड पाणी उलटं शिरण्याची चक्रंच घटतात.