खात्यात पैसे जमा, तरी गॅस-विजेचा हप्ता वाढतोच कसा? (ब्रिटन)

रेडिंगकर: गॅस-विजेचे महिन्याला १४० पौंड डायरेक्ट डेबिटने (बँकेतून आपोआप) जातात. सप्टेंबरअखेर कंपनीकडच्या आमच्या खात्यात ३८० पौंड जमा आहेत, तरी कंपनीचं पत्र आलं: नोव्हेंबरपासून १७५. वर्षाचा अंदाजित वापर गुणिले दर, त्यात रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, लागणारा ठरावीक आकार), भागिले बारा, एवढाच हिशोब ना? मग आमची शिल्लक धरली कुठे? ही सरळसरळ बिनव्याजी उचल आहे.

गारठलेला लीड्सकर: सप्टेंबरची शिल्लक बघून कसला निष्कर्ष काढताय? इथे गॅस जळतो नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात साठतं ते हिवाळ्याच्या बेगमीसाठीच. खातं शून्याच्या आसपास यायला हवं ते एप्रिलच्या सुमारास. तेव्हाही दोनेकशे उरले तर खुशाल परत मागा, तो तुमचा हक्कच आहे.

रेडिंगकर: बेगमी आपल्या घरच्या कोठीत असते हो, दुकानदाराच्या नाही! आपली महावितरण सुरक्षा ठेव घेते, पण त्यावर व्याज तरी देते.

हॅरोची माई: आणि दुकानदार बुडाला तर? २०२१ मध्ये कितीतरी पुरवठादार बुडाले. ऑफजेमच्या (इथल्या ऊर्जा नियामकाच्या) नियमांमुळे ग्राहकांची शिल्लक वाचली, पण तो खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलांतून वसूल झाला. म्हणजे बुडालेल्यांनी वापरलेले पैसे आपणच दुसऱ्यांदा भरले. आणि ‘प्राइस कॅप’वर, म्हणजे ऑफजेमच्या दरमर्यादेवर, विसंबू नका. ती युनिटच्या दराला आणि स्टँडिंग चार्जला असते. हप्ता किती लावायचा, याला ती लागू नाही.

लीड्सकर: माई, ते मान्य. पण हप्ता मनाला येईल तसा लावता येत नाही. हाताशी असलेल्या सर्वांत ताज्या माहितीवरच तो ठरवायचा, अशी पुरवठादारांच्या परवान्यातली अट आहे. रेडिंगकर, कंपनीने वर्षाला किती युनिट धरलेत ते लेखी मागवा. स्मार्ट मीटर रीडिंग पाठवतोय का, तेही बघा. नवीन घर असेल तर आधीच्या भाडेकरूचा वापर तुमच्या माथी असू शकतो. तक्रारीला आठ आठवडे झाले आणि ती सुटली नाही, की ऊर्जा लोकपालाकडे (एनर्जी ऑम्बड्समनकडे) जा.

रेडिंगकर: म्हणजे गणित त्यांचं आणि तपासायचं आम्ही! त्यापेक्षा व्हेरिएबल डायरेक्ट डेबिट घेतो. जेवढं जाळलं तेवढंच भरायचं.

लीड्सकर: घ्या की. फक्त जानेवारीचं बिल आलं की इथे नवा धागा काढू नका 😄

हॅरोची माई: काढा हो, बिनधास्त काढा. माझं जानेवारीचं बिल मोठं येतं, पण ते वापरानंतर येतं आणि तोवर पैसे माझ्या बचत खात्यात असतात.