सल्ला हवा: १५ हजारांत एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) आधी काय बदलू? (नागपूर)

मनीषनगर_हार्डटेल

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २७.५ इंची चाकांची ॲलॉय फ्रेमची सायकल आहे. पुढे १०० मिमी दबणारा स्प्रिंगवाला फोर्क, ३x७ गेअर (पुढच्या तीन चकत्यांना ४२-३४-२४ दात, मागच्या सातांना १४ ते २८), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. गेअरचा शिफ्टर आणि ब्रेकचा लीव्हर एकाच जोडीत आहेत. माझं वजन ७४ किलो. आठवड्यात फुटाळा आणि सेमिनरी हिल्स, रविवारी झिल्पी किंवा गोरेवाड्याकडचे कच्चे रस्ते, हिवाळ्यात अधूनमधून रामटेक. स्पर्धा डोक्यात नाही. आवड म्हणून चालवतो आणि पुढेही चालवायची आहे.

त्रास असे: चढावर उभं राहून जोर लावला की चेन दात सोडते. पंक्चर फार होतात. गडावरून उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं भरून येतात. फोर्क जड आहे आणि लहान खड्ड्यांवर हलतच नाही.

बजेट १५ हजार. मनात असं आहे की एअर (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) फोर्क बसवावा आणि पुढच्या तीन चेनरिंग काढून एकच ठेवावी, म्हणजे १x. दुकानात विचारलं तर "सगळं होऊन जाते" म्हणाले. तुम्ही काय सुचवता?

छर्रे_आणि_ग्रीस

भाऊ, पैसे काढण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

पहिली, मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) गेअरच्या चकत्यांचा संच फ्रीव्हील आहे की कॅसेट. ७ स्पीड आणि १४ दातांपासून सुरुवात, म्हणजे जवळपास नक्की फ्रीव्हील, हबवर आट्यांनी घट्ट फिरवून बसवलेलं. यात उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला असतात, त्यामुळे तिकडचा ॲक्सल (चाकाचा दांडा) बराच लांब आधाराविना राहतो आणि जड वापरात वाकतो. कॅसेटच्या हबला फ्रीहब (कॅसेट सरकवून बसवायचा फिरता भाग) असतो आणि बेअरिंग बाहेर, फ्रेमजवळ येतं. ८, ९, १० स्पीडच्या कॅसेट आणि शिमानो कंपनीची ११ स्पीडची एमटीबी कॅसेट एकाच एचजी प्रकारच्या फ्रीहबवर बसतात. शिमानोच्या १२ स्पीड डिओरे गेअरसेटला मात्र मायक्रो स्प्लाइन हा वेगळा फ्रीहब लागतो. म्हणजे तुमच्याकडे मोठ्या कॅसेटचं १x करायचं तर आधी मागचं चाकच बदलावं लागेल. हा खर्च दुकानात आधी कोणी सांगत नाही.

दुसरी, फोर्कची वरची नळी सरळ आहे की खाली रुंद होत गेलेली. या किमतीच्या बहुतेक फ्रेममध्ये सरळ, २८.६ मिमीची असते. चांगले एअर फोर्क आता बहुतेक टेपर्ड (खाली रुंद) नळीचे आणि १५ मिमी थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड दांडा), ११० मिमी बूस्ट (जास्त रुंद) हबचे येतात. तुमच्या फ्रेममध्ये ते जाणार नाहीत, आणि पुढचं चाकही त्यात बसणार नाही. सरळ नळी आणि साधा क्विक रिलीज (लीव्हरने सुटणारा बारीक दांडा) असलेले एअर फोर्क मिळतात, पण निवड फार थोडी. मिळालाच तर तोही १०० मिमीचाच घ्या. १२० चा लावला तर पुढचा भाग वर उचलला जातो आणि चढावर चाक भरकटतं.

तिसरी, चेन. साधी स्टीलची पट्टी घ्या. १२ पूर्ण कड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नवीन चेन ३०४.८ मिमी भरते. ३०७ च्या आसपास आली की बदलायची वेळ झाली. ३०८ झाली असेल तर मागचे दातही तिच्याबरोबर झिजलेले असतात, मग नुसती नवीन चेन टाकली तरी ती जुन्या दातांवरून उडतेच. तुमची चेन दात सोडते त्याचं कारण मला इथेच दिसतं. पट्टी लावून आकडा कळवा.

हिंगणा_रोडी

माझं मत सरळ आहे. ही सायकल विका, १५ हजार त्यात टाका आणि फ्रीहब, टेपर्ड हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी), हायड्रॉलिक (तेलावर चालणारे) ब्रेक असलेली घ्या. वेगवेगळे पार्ट घेऊन बेरीज केली तर कारखान्यातून बसून आलेल्या पार्टांपेक्षा नेहमीच जास्त पडते. ज्या फ्रेममध्ये पुढचं काही बसतच नाही तिच्यावर पैसे काहून घालवायचे?

पांदणवाला

विकायचं की नाही ते नंतर. झिल्पीकडच्या पांदण रस्त्यांनी मी नेहमी जातो, त्यामुळे पंक्चरबद्दल सांगतो. आपल्याकडे टायर फाडतात दोघं, बाभळीचा काटा आणि सराटे. बाभळीचा काटा लांब असतो, टायरच्या आरपार जातो. सराटे पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला पसरतात आणि एका वेळी चार-पाच टोचतात. महागडा टायर घेतला तरी नुसत्या ट्यूबवर हे थांबत नाही.

खरा उपाय ट्यूबलेस. पण त्यासाठी रिम ट्यूबलेस रेडी पाहिजे. साध्या रिमवर टेप मारून करणारे आहेत, पण टायरची कड रिममध्ये घट्ट अडकत नाही, वळणावर कमी हवेत फस्सकन हवा सुटते. मी सुचवणार नाही. रिम साधी असेल तर ट्यूबमध्येच सीलंट (भोक आपोआप भरणारं द्रव) भरा. मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन चावीने काढून भरता येते. ट्यूबलेसइतकं चांगलं नाही, पण सराट्याची छोटी भोकं भरून जातात. फक्त नागपूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. पारा ४५ ला गेला की सीलंट लवकर सुकतं. एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला बघा, कमी झालं असेल तर वरून टाका.

हवा किती भरता? दुकानवाले ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतात आणि मग फोर्क हलत नाही असं वाटते. ७४ किलोला २.१ इंच रुंदीच्या टायरमध्ये ट्यूबसकट पुढे २८ आणि मागे ३२ पासून सुरू करा. सिमेंट रोडवर थोडी वाढवा. आकडा दिसणारा पंप नसेल तर सगळ्यात आधी तो घ्या. फोर्कची अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

आणि पावसात काळ्या मातीत सायकल घालू नका, टायर कोणताही असो. ती माती टायर आणि फ्रेमच्या मधात भरते, चाक जाम होते, आपण जोर लावतो आणि डिरेलर (चेन एका गेअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) धरणारा हँगर तुटतो. शेतकऱ्याची वाटही खराब होते ती वेगळी. पावसाळ्यात मुरमाचे रस्ते धरा. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर बॅगेत राहू द्या. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐन वेळी मिळत नाही.

तेलंगखेडी_सकाळ

दादा, तुम्ही बोटं दुखतात म्हणालात, त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. लीव्हर हँडलवर कुठल्या कोनात आहे ते बघा. बरेचदा तो आडवा असतो, मनगट वर वाकवून दाबावा लागतो. बसल्यावर हात सरळ पुढे करा, बोटं जिथे येतात तिथे लीव्हर आणा, साधारण ४५ अंश खाली. लीव्हरची पोहोच कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, तोही फिरवा. या दोन्हींना फक्त ॲलन की लागते. माझे हात लहान आहेत, नवीन काही न घेता माझा त्रास यातच गेला.

खर्च करायचाच तर ग्रिप आणि पायडल. बोल्टने आवळायच्या लॉक-ऑन ग्रिप घ्या, घामाने हातात फिरत नाहीत. पायडल रुंद, नायलॉनचे, पिन असलेले. बूट घसरत नाही म्हणून खडबडीत रस्त्यावर पाय शांत राहतो. आणि सायकल बदलली तरी दोन्ही वस्तू नवीन सायकलवर लागतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, काढताना जबरदस्ती करू नका.

मनीषनगर_हार्डटेल

सगळ्यांचे आभार. चेन मोजली, ३०८ च्याही थोडी पुढे आहे. मागे फ्रीव्हीलच निघालं, फोर्कची नळी सरळ, रिमवर ट्यूबलेसचा उल्लेख कुठेच नाही. हवा ४५ होती. ३० वर आणून फुटाळ्याला चक्कर मारली, फोर्क खरंच हलायला लागला! लीव्हरही खाली घेतले.

आता दोन प्रश्न. १x चा विचार सोडूनच द्यावा का? आणि हायड्रॉलिक ब्रेक या सायकलला लागतील का? मला विकायची घाई नाही.

छर्रे_आणि_ग्रीस

१x चं गणित करून बघू. आज तुमचा सर्वात हलका गेअर पुढे २४, मागे २८. भागाकार ०.८६. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक इतकं फिरतं. सगळे सांगतात तो ९ स्पीडचा सेट, पुढे ३२ आणि मागे ११-४२, घेतला तर ०.७६. मागचं चाक, कॅसेट, डिरेलर, शिफ्टर, क्रँक सगळं बदलून हा फायदा. त्याऐवजी आट्यांवर बसणारं १४-३४ चं ७ स्पीड फ्रीव्हील आणि नवीन चेन घेतली तर २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१. त्या महागड्या १x पेक्षाही चढाला हलका गेअर, आणि दात सोडायचा त्रासही त्याच फेरीत संपतो. फक्त तुमचा डिरेलर ३४ दातांपर्यंत जातो का ते त्याच्या मॉडेल नंबरावरून बघून घ्या. या फ्रीव्हीलमध्ये शेवटची उडी मोठी असते, २४ वरून एकदम ३४. सेमिनरी हिल्सच्या चढाला तेवढी चालून जाते.

१x वाईट नाही. पुढचा डिरेलर नाही, चिखल अडकायला जागा कमी, हाताला एकच शिफ्टर. पुढची सायकल १x च घ्या. या सायकलला तो महाग पडतो, एवढंच म्हणतो.

ब्रेकचं सांगतो, कारण इथे दोन खाचखळगे आहेत. तुमचे लीव्हर आणि शिफ्टर जोडलेले आहेत. हायड्रॉलिक लावायचे तर ती पूर्ण जोडी निघेल, म्हणजे गेअरचे शिफ्टरही वेगळे घ्यावे लागतील. ३x७ चे साधे शिफ्टर स्वस्त असतात, पण हिशेबात आधीच धरा. दुसरं, आपल्याकडे बहुतेकांची सवय उजव्या हाताने पुढचा ब्रेक, मोटरसायकलसारखी. तेल भरून तयार येणारे सेट पुष्कळदा डावा लीव्हर पुढच्या चाकाला धरून असतात. पुढची नळी आखूड, मागची लांब, त्यामुळे नुसती अदलाबदल होत नाही. ऑर्डर करताना "उजवा पुढचा" स्पष्ट लिहून घ्या.

शिमानोचा एमटी२०० ब्रेक पुरेसा आहे. त्यात मिनरल ऑइल चालतं, डॉट फ्लुइड चुकूनही घालू नका, सील फुगतात. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) "रेझिन पॅड ओन्ली" कोरलेलं असेल तर मेटल पॅड लावू नका, रोटर खाऊन टाकतील. नवीन पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबा, पूर्ण थांबू नका, असं वीसेक वेळा करा. त्याशिवाय पॅड धरत नाहीत, आवाजही करतात. चेनला तेल देताना रोटरवर कापड टाका. पॅडने एकदा तेल प्यायलं की ते फेकावंच लागतं.

फोर्क राहू द्या. खालच्या नळ्या उघडून साफ करून आत ग्रीस भरून घ्या. आपल्याकडच्या धुळीने तो आतून कोरडा पडलेला असतो. रॉकशॉक्ससारख्या कंपन्या दर ५० तासांनी ही सर्व्हिस सांगतात, आपल्या साध्या फोर्कला कोणी हातच लावत नाही. त्याच दिवशी दोन्ही हबचे छर्रेही उघडून घ्या आणि चाकांचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या.

हिंगणा_रोडी

गणित पटलं. फक्त एक. हायड्रॉलिक ब्रेक आणि पायडल पुढच्या सायकलवर नेता येतात, फ्रीव्हील नाही. म्हणून या सायकलला लागणारे पैसे चेन-फ्रीव्हीलपाशी थांबवा आणि उरलेल्यात हात घालू नका. दोन-तीन वर्षांत नवीन फ्रेम घ्याल तेव्हा आजचा राग फोर्कवर निघणार नाही.

पांदणवाला

टायर कोणते आहेत आता? बाजूचे गठ्ठे झिजले असतील तर बदला. मधात जवळ-जवळ आणि बाजूला उंच गठ्ठे असलेला २.१ किंवा २.२५ चा घ्या. मुरमावर आणि सिमेंट रोडवर दोन्हीकडे चालते. फ्रेममध्ये २.२५ ला दोन्ही बाजूंनी बोटभर जागा उरते का ते चाक बसवून बघा.

मनीषनगर_हार्डटेल

मग असं ठरवतो. १४-३४ फ्रीव्हील, चेन, आकड्याचा पंप, सीलंट आणि दोन ट्यूब या महिन्यात. फोर्क आणि हबची सर्व्हिस त्याच वेळी. ग्रिप आणि पायडल पुढच्या महिन्यात. हायड्रॉलिक ब्रेक रामटेकचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, उजवा पुढचा सांगूनच. टायर अजून चांगले आहेत, राहू देतो. जुनं फ्रीव्हील काढायला घरच्या पान्याने जमेल का?

छर्रे_आणि_ग्रीस

नाही. त्याच्या खाचांत बसणारा फ्रीव्हील रिमूव्हर लागतो, आणि खाचा प्रत्येक कंपनीच्या सारख्या नसतात. शिवाय तुम्ही रोज पायडल मारून ते आवळतच आला आहात, त्यामुळे ते फार घट्ट निघते. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस नक्की लावा. दुकानातच करा, पण काढताना समोर उभे राहा आणि ॲक्सल वाकला आहे का ते चाक हातात आहे तोवर फिरवून बघून घ्या. वाकला असेल तर ॲक्सल, कोन (छर्रे जागी धरणारा भाग) आणि छर्रे तिथेच बदलून घ्या.