हार्ड डिस्क नाही, विंडोज नाही. मग मशीन तपासायचं कसं?

खानापूरचा डीटीपीवाला:
नमस्कार मंडळी. लग्नपत्रिका मराठीत, बोर्ड कन्नडात, वर झेरॉक्स, असं माझं दुकान. जुनं मशीन गेल्या पावसात ओल धरून गेलं. नुकतंच बेळगावातून सेकंडहँड डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० आणलं. रॅम ४ जीबीच्या दोन पट्ट्या, हार्ड डिस्क काढून घेतलेली. दुकानदार म्हणाला, आठ दिवस चेकिंग, पुढं तुमचं तुम्ही. त्यातले तीन दिवस करंट नव्हता त्यातच गेले.

चालू केलं की पंखा फिरतोय, डेलचं चिन्ह येतंय, मग 'नो बूटेबल डिव्हाइस'. ते ठीक. पण कधीकधी दोन-तीनदा बटण दाबल्यावरच स्क्रीन उजळतेय, ते खटकतंय. भाचा म्हणतोय, विंडोज टाकल्याशिवाय काही कळत नाही. म्हणजे आधी एसएसडीला, म्हणजे नव्या डिस्कला, पैसे घालायचे, आणि मदरबोर्डच खराब निघाला तर?

निपाणीचा रिपेअरवाला:
भाच्याला सांगा, विंडोजची गरज न्हाई. चालू करून लगेच एफ१२ टिचकत ऱ्हावा, यादीत 'डायग्नोस्टिक्स' हाय. ते मदरबोर्डावरच्या बायोसमध्येच, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या प्रोग्राममध्येच असतंय, डिस्क लागत न्हाई. २०००-०१४१ कोड आला तर घाबरू नका, 'डिस्क सापडली न्हाई' एवढंच म्हणतंय. ०१४२ म्हणजे मात्र डिस्क स्वतःच्या चाचणीत नापास. तुमच्याकडं डिस्कच न्हाई, तो प्रश्न नंतरचा. शेवटी रॅमची मोठी चाचणी करू का विचारील, अर्धा तास तरी जाईल, होय म्हणा. आणि यूपीएसवर लावा की ओ, मध्येच करंट गेला तर परत पहिल्यापासून.

शहापूरची लॅबवाली:
ती पास झाली तरी मी तेवढ्यावर विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्या मशीनवर पेन ड्राइव्हमध्ये मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम टाकून घ्या, फुकट आहे. एफ१२ दाबून त्यावरून चालू करा. सुरू होत नसेल तर बायोसमध्ये 'सिक्युअर बूट' ही अनोळखी प्रोग्राम अडवणारी सेटिंग बंद करा. मग रात्रभर सोडा. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास धरायची. दोनच चुका आहेत, चालवून घेऊ, असं करू नका. खराब रॅमवर विंडोज टाकलं तर फायली कॉपी होतानाच बिघडतात, आणि आपण नव्या डिस्कला शिव्या घालत बसतो. मी बसलेय एकदा, दोन दिवस.

चिकोडीहून:
माझं एचपी आहे, त्यात?

शहापूरची लॅबवाली:
चालू करताना एस्केप, मग एफ२.

खानापूरचा डीटीपीवाला:
एफ१२ वाली केली. ०१४१ आला, बाकी सगळं पास, मोठी चाचणीसुद्धा. खूश होऊन जेवायला गेलो. नंतर मेमटेस्ट लावली तर सात मिनिटांत स्क्रीन लालेलाल! आता पट्टी खराब की बोर्डावरची तिची खाच?

निपाणीचा रिपेअरवाला:
वायर काढा, बटण दाबून धरा, मग पट्ट्या काढून सोनेरी दात खोडरबरनं पुसा. एकच पट्टी लावून बघा, मग तीच दुसऱ्या खाचेत. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी, खाचेतच ऱ्हायला तर बोर्ड. बोर्ड असंल तर मशीन परत करा, नादाला लागू नका.

खानापूरचा डीटीपीवाला:
पुसूनही फरक नाही. एक पट्टी दोन्ही खाचांत लाल, दुसरी दोन्हीकडं स्वच्छ. म्हणजे बोर्ड वाचला! आठव्या दिवशी सकाळच्या बसनं गेलो. लाल स्क्रीनचा फोटो दाखवल्यावर दुकानदारानं वाद घातला नाही, पट्टी बदलून दिली. ती पण रात्रभर तपासली, स्वच्छ. बटण आता एकदाच दाबावं लागतंय.

एसएसडी उद्या घेतोय. पण हा सातव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकावं तर माझ्या सगळ्या जुन्या पत्रिका श्रीलिपीत आणि दुकानांचे कन्नड बोर्ड नुडीत, दोन्ही माझी विंडोजवरची टायपिंगची सॉफ्टवेअरं. त्याचं काय करायचं ते वेगळं विचारतो.