'बिफोर'सोबतचा 'हॅड'
इंग्रजी वाक्यात 'आफ्टर' किंवा 'बिफोर' दिसलं की आधी घडलेली क्रिया दाखवायला एका क्रियापदाला 'हॅड' लावायचाच, हा नियम परीक्षेपुरता ठीक, पण मला पटत नाही. क्रम त्या शब्दांतूनच कळतो, त्यामुळे बहुतेक वेळा दोन्हीकडे साधा भूतकाळ चालतो. खरी गरज 'व्हेन'ला: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे मी पोचलो आणि गाडी सुटली, 'हॅड लेफ्ट' म्हणजे आधीच गेलेली.

आणखी एक गोष्ट, 'हॅड' कधीकधी नंतरच्या क्रियेलाही लागतो! 'ही टुक माय प्लेट अवे बिफोर आय हॅड फिनिश्ड' यात ताट आधी उचललं गेलं, जेवण तेव्हा व्हायचंच होतं. 'हॅड म्हणजे आधीची क्रिया' एवढंच घोकलेली मुलं इथे हमखास उलटा अर्थ लावतात.