मामा आयसीयूत आहेत, लॅक्टेटचा आकडा कसा वाचायचा? मदत हवी आहे

मंडळी जरा अर्जंट आहे. मामा यावल तालुक्यातले, साठीच्या पुढचे, शुगर जुनी. केळीच्या बागेत पायाला लागलं तर हळद भरून तसंच काम करत राहिले, मग पाय सुजला, थंडीताप आला, असंबद्ध बोलायला लागले तेव्हा जळगावला आणलं. डॉक्टर म्हणे सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयव बिघडायला लागले. पाय ऑपरेशन करून साफ केला, बीपीचं औषध पंपावर चालू आहे. आल्या आल्या रक्तातलं लॅक्टेट (शरीरावर असा ताण आला की वाढतं ते) ५.८ होतं, संध्याकाळी ४.१ आलं, किडनीचं क्रिएटिनिन २.३, शुगर १७० च्या आसपास. आता घरातल्या एका हुशाराने मोबाईलवर वाचून सांगितलं की ४ च्या वर लॅक्टेट म्हणजे माणूस गेला, तेव्हापासून मामीने अन्नाला हात नाही लावला. बाकीचे म्हणता नाशिकला हलवा. काय करू भो? या आकड्यावरून खरंच सांगता येतं का? आणि शुगर अजून खाली का नाही आणत?

प्रतिसाद (धुळ्याहून, आयसीयूत काम करते)
भाऊ, आधी मामींना जेवू घाला. लपवत नाही, भरपूर सलाईन देऊनही बीपीला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर, याला सेप्टिक शॉक म्हणतात आणि त्यात दगावायचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. पण एकट्या आकड्यावर कोणी मामांचं सांगू शकत नाही, तो उतरतोय का ते बघतात, आणि तुमचा उतरतोय. रिपोर्टवर युनिट पण बघा, काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, तिथे २ चे १८ होतात न लोक घाबरून जातात.
मामा मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेत होते का? किडनी बसली की ती साचते आणि लॅक्टेट वाढवते. अॅड्रेनालिनच्या (बीपी वाढवायचं एक औषध) पंपानेही वाढतं, लिव्हर खराब असलं की उतरायला वेळ लागतो. शुगर १७० ठीक आहे, साधारण १८० च्या वर गेली की इन्सुलिन सुरू करतात. २००९ च्या नाइस-शुगर अभ्यासात शुगर ८१ ते १०८ वर आवळून ठेवलेल्या आयसीयूतल्या पेशंटांत मृत्यू उलट जास्त झाले.
डॉक्टरांना विचारा, पंपाचा डोस वाढतोय की कमी होतोय, लघवी तासाला किती, पायात अजून पू आहे का. पंप चढता असताना अँब्युलन्समधून नाशिक मला तरी पटत नाही, पण ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

धागाकर्ता
ताई, शुगरच्या गोळ्या रोज चालू होत्या, नाव कोणालाच माहीत नाही आणि आयसीयूत कोणी सांगितलंही नाही. मामेभावाला गावाहून गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन बोलावलंय, आल्या की लगेच आत देतो.